वाऱ्याकडे पाठ करून

कोपरी, ठाणे (पूर्व)
४ ऑगस्ट २०२५

राजू,

जयभीम. पुढे 'अनेक आशीर्वाद' लिहिणार होते, पण एकतीस वर्षांत एकही दिला नाही, तर एकदम अनेक कुठून आणू? सध्या एकच घे. बाकीचे तुझं उत्तर आलं की.

अक्षर ओळखलं असशीलच. तूच चिडवायचास, ताईचं किराणाचं सामानसुद्धा फळ्यावरच्या सुविचारासारखं लिहिलेलं असतं. शाळेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी ती खोड गेलेली नाही. तुझा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस. नागपूर काही चंद्रावर नाही.

पाकीट फाडायच्या आधी एवढं वाच. आप्पांच्या बोटीचा सगळा इतिहास सापडला आहे. कधी बांधली, कधी पाण्यात उतरवली, कुठल्या ताफ्याबरोबर कुठे गेली, कधी मोडीत काढली, सगळं तारीखवार. विलायतेत एक गृहस्थ आहेत, त्यांचे आजोबा त्या बोटीवर तोफेवर होते. नातवाने आजोबांची डायरी टाइप करून इंटरनेटवर टाकली आहे. एच. एम. एस. एल्मवॉटर. आप्पा नाव घ्यायचे तेव्हा वाटायचं, कुठल्या तरी मोठ्या सासुरवाडीचं नाव घेताहेत.

आणि राजू, आप्पा त्या बोटीवर होते. तुला आलेल्या उत्तरात नव्हते, तरी होते.

मला माहीत आहे तू आत्ता काय म्हणालास. त्र्याण्णव साली तू तिकडच्या दप्तरखान्याला तुझ्या ऑफिसच्या मशीनवर इंग्रजीत पत्र टाइप केलंस, विहाराच्या स्मरणिकेत आप्पांबद्दल छापायचं म्हणून. सहा महिन्यांनी उत्तर आलं की बोटीच्या खलाशांच्या यादीत या नावाचा माणूस नाही. मग तू तो कागद घेऊन आप्पांसमोर उभा राहिलास. विहारातल्या आप्पांच्या सत्काराला चार दिवस होते, शालीसुद्धा आणून ठेवल्या होत्या. पुढचं तुलाही पाठ आहे आणि मलाही.

आता विहाराच्या वाचनालयात भिंतीवर फलक लावताहेत, आपल्या वस्तीतल्या जुन्या माणसांचे. फोटो आणि खाली चार ओळी. चौदा ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, उघडायचे आहेत. अध्यक्ष सध्या काळुराम आहे. तोच, जो पतंग काढायला आपल्या पत्र्यावर चढायचा आणि आप्पांचा ओरडा खायचा. आता त्याला स्वतःला नातवंडं आहेत. तो विचारतो आहे, आप्पांच्या फोटोखाली काय लिहायचं. मी म्हटलं, राजूला विचारते.

म्हणून हे पत्र. त्या चार ओळी तू लिही.

तुझी
ताई


कोपरी
२३ ऑगस्ट

राजू,

उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो आता मला जिन्यात बघून लांबूनच मान हलवतो.

बरं, आधी एक कबुली देते. तुझा पत्ता रचनाने दिला. तुझी रचना मार्चपासून माझ्याकडे येते. विठ्ठलवाडीला दोन मैत्रिणींबरोबर राहते आणि ठाण्याला नोकरी करते, हे तुला ठाऊक आहे. दर शनिवारी 'मैत्रिणीकडे' जाते म्हणून सांगते, ती सत्तर वर्षांची मैत्रीण मी. तिला रागावू नकोस. पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "आत्या ना तू? मी रचना. बाबांना नाही सांगितलंय, आणि तू पण नको सांगू हां, नाहीतर फुल राडा होईल." मी तिला आत घेतलं आणि नीट बघितलं. कपाळ आणि हट्ट दोन्ही तुझंच आहे.

बोट तिनेच शोधली. मी आप्पांच्या गोष्टी सांगत होते, तिने मोबाइल काढला आणि पोळ्या होईपर्यंत ती डायरी माझ्यासमोर धरली. गेले पाच महिने आम्ही दर शनिवारी थोडी थोडी वाचतो. ती मराठीत सांगते, मी वहीत उतरवून घेते.

तुला तारखा आवडतात, म्हणून तारखा देते. एल्मवॉटर बेचाळीस साली पाण्यात उतरली. लढाऊ बोटींमधली अगदी लहान. तिचं काम राखणीचं. मालाची जहाजं कळपाने चालायची आणि ही भोवती फिरत पाणबुड्यांवर नजर ठेवायची. पहिला हिवाळा तिने उत्तरेकडच्या समुद्रात काढला. डेकवर बर्फ साचून बोट कलंडू नये म्हणून माणसं कुऱ्हाडीने बर्फ फोडत होती. त्रेचाळीसच्या एप्रिलमध्ये मुंबईला आली. तिथे काही माणसं नव्याने घेतली आणि मग मुंबई ते एडन, एडन ते मोंबासा, परत मुंबई अशा फेऱ्या केल्या. दोन वर्षांत तिने अडतीस ताफे पोचवले, आणि त्यातली फक्त तीन जहाजं बुडाली. डायरीवाल्या गोऱ्याने हा हिशेब दोनदा अधोरेखित केला आहे. सत्तेचाळीसमध्ये बोट भंगारात गेली.

मुंबईला नव्याने घेतलेल्या माणसांत आप्पा होते. वय एकवीस.

रचना म्हणाली, "आत्या, आजोबा घरी पण खलाशासारखेच राहायचे का?" मी तिला आपली सकाळ सांगितली. पाच वाजता आप्पांचा झाडू सुरू व्हायचा. आईला नाही, मला नाही, घरात दुसऱ्या कुणाला त्यांनी झाडूला हात लावू दिला नाही. आधी दाराशी जाऊन वारा कुठून येतोय बघायचे, वाऱ्याकडे पाठ करायचे आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडत जायचे. आपण दोघं खाटेच्या कडेला, पाय सोडून पेंगत. केर आपल्यापाशी आला की हुकूम सुटायचा, "पाय वर." आपण झोपेतच पाय उचलायचो. शेजारची शेवंतीमावशी हसायची, की नवरा असावा तर असा. आप्पा म्हणायचे, बोटीवरची शिस्त आहे.

ते ऐकून रचना म्हणाली, "आमच्याकडे पण बाबाच झाडतात. आईला झाडू देतच नाहीत. सेम टू सेम, दारात जाऊन हवा बघतात."

राजू, मला वाटलं होतं तू या घरातून काहीच नेलं नाहीस.

ताई


कोपरी
१२ सप्टेंबर

राजरत्न,

आज पूर्ण नावाने, कारण आज गंमत नाही.

मागच्या दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट गाळली. शाळेत पोरांना सांगायचे, जे उत्तर येतं ते आधी सोडवा, अवघड नंतर. मी अवघड प्रश्न एकतीस वर्षं नंतरवर टाकला.

स्मरणिकेसाठी फोटो हवा होता, म्हणून आप्पांची ट्रंक मी उघडली होती. तुझं विलायतेचं उत्तर यायच्या महिनाभर आधी. तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक कागद होता. नौदलातून मोकळं केल्याचा दाखला. नाव देवराम भिवा भालेराव. बोट एल्मवॉटर. मे १९४३ ते ऑगस्ट १९४५. वर्तन फार चांगलं. आणि हुद्द्याच्या जागी लिहिलं होतं, टोपस.

मला तो शब्द माहीत नव्हता. आप्पांना विचारला. ते म्हणाले, "बोटीवरचा झाडूवाला. संडास धुणारा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते भरतीला गेले होते ते तोफेवर जायला. छाती मोजली, डोळे तपासले, वाचून दाखवलं, सगळ्यात पास झाले. शेवटच्या टेबलावर कारकुनाने जात विचारली. हे म्हणाले, महार. कारकुनाने मान वर न करता एक शब्द लिहिला आणि कागद सरकवला. खलाशांची यादी वेगळी, आणि मुंबईला घेतलेल्या झाडूवाल्यांची वही वेगळी. ती वही बोटीबरोबर विलायतेला गेलीच नाही. तू चुकीच्या यादीत शोधलंस, राजू. तुझा काय दोष? आपल्यापैकी कुणाच्या मनात तरी आलं असतं का, की आप्पांना दुसऱ्या यादीत शोधावं? आपल्या डोळ्यांसमोर ते रोज झाडत होते आणि आपण त्याला खलाशाची शिस्त म्हणत होतो.

मला म्हणाले, "शालन, हे तुझ्यामाझ्यात. दीक्षा घेतली त्या दिवशी ठरवलं, पोरांना हा शब्द ऐकू द्यायचा नाही." मी हो म्हटलं.

मग तू आलास, ते उत्तर हातात घेऊन. ओरडला नव्हतास, हे मी आज लिहून देते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगितलं की राजू बापावर ओरडला. तू फक्त म्हणालास, "आप्पा, एक तरी कागद दाखवा. छापील गोष्टीला पुरावा लागतो. मी तुमच्या बाजूने भांडेन." आप्पांनी माझ्याकडे बघितलं.

कागद मी ट्रंकेतून काढून माझ्या कपाटात ठेवला होता. चार पावलांवर. आणि मी म्हणाले, "कागद वाळवीने खाल्ले. आणि बापाला खोटं पाडणाऱ्या मुलाची या घराला गरज नाही."

पहिलं वाक्य आप्पांसाठी होतं. दुसरं कुणी सांगितलं होतं मला? आप्पांनी नाही. ते माझं मीच बोलले. माझं लग्न झालं नाही, तुझं झालं. तू शिकलास, ऑफिसात गेलास आणि घरी येऊन आप्पांना पुरावा मागायला लागलास. मला तुझा राग होता आणि तो काढायला जागा मिळाली. एवढंच आहे ते, जास्त खोल काही नाही.

तू गेलास. आप्पा सत्काराला गेले नाहीत. दोन वर्षांनी तू थेट स्मशानात आलास आणि तिथूनच परत फिरलास. मी तुला हाकही मारली नाही.

शेवटच्या दिवसांत आप्पा मला म्हणाले होते, "त्याला सांग." मी हो म्हटलं. त्या 'हो'चं काय झालं ते तू बघतोच आहेस.

डायरीतला एक भाग उतरवून पाठवते. अठरा फेब्रुवारी चव्वेचाळीस, दुपार. पाणबुडीने एक मालवाहू जहाज फोडलं आणि मग वर आली. लढाईच्या वेळी बोटीवर प्रत्येकाला एक काम नेमलेलं असतं, आचाऱ्यालासुद्धा. टोपसचं काम होतं खालच्या कोठीतून तोफेपर्यंत गोळे पोचवायचं. गोरा लिहितो:

'पंचवीस किलोचा एक, असे गोळे देवराम अडीच तास वर देत होता. बोट तिरकी झाली तेव्हा तो जिन्यावरून घसरला, गुडघा फुटला, पण गोळा छातीशी धरून होता. त्याने तो सोडला असता तर हे लिहायला मी नसतो. पाणबुडी पळाली. बुडालेल्या जहाजावरची एकसष्ट माणसं आम्ही वर घेतली. डेकवर तेल आणि रक्त होतं. ते साफ करायला देवरामलाच लावलं. त्याच गुडघ्यावर बसून त्याने साफ केलं. मला ते बरोबर वाटलं नाही, पण मी काही बोललो नाही.'

आप्पा आपल्याला सांगायचे ना, 'गोळा माझ्या हातून गेला'? आपण समजलो तोफ डागली. ते खोटं एकदाही बोलले नव्हते. उरलेलं आपण भरलं.

आता तू ठरव. उत्तर दिलं नाहीस तरी रागवायचा मला हक्क नाही.

शालन


कोपरी
२९ सप्टेंबर

राजू,

तुझं कार्ड मिळालं. एक ओळ. 'कागदाची झेरॉक्स पाठव. राजरत्न.' आयुष्यभर फायली सांभाळल्यास, तुझ्याकडून दुसरं काय येणार? मी ते कार्ड सात वेळा वाचलं. पोस्टमनला चहा पाजला. त्याला कारण सांगितलं नाही, पण त्याने दोन बिस्किटं जास्त घेतली.

झेरॉक्स पाठवत नाही. सोबत मूळ दाखला आहे. रचनाने खूप समजावलं, "आत्या, ओरिजिनल नको पाठवू, पोस्टात गहाळ झाला तर गेला ना कायमचा, फोटो काढते मी." मी तिला काढू दिला नाही. तू मागितलास त्या दिवशी कागद अस्सल होता, आज तुला नक्कल कशाला देऊ? एवढी वर्षं मी धरून ठेवला, आता तू ठेव. फाडावासा वाटला तर तेही कर. मग आपल्याकडे पुरावा उरणार नाही, फक्त खरं उरेल.

इकडे काल बैठक झाली. काळुराम म्हणाला, "ताई, सरळ 'नौसैनिक' लिहू ना. कोण बघायला येणारे?" मी म्हटलं, असंच लिहिलं असतं तर चौऱ्याण्णवमध्येच लिहून झालं असतं. दुसरा एक म्हणाला, जुनी घाण कशाला उकरायची, पोरं काय म्हणतील. मी उभी राहिले. राजू, आवाज वर्गातला निघाला. म्हटलं, घाण त्या टेबलावर होती, जिथे माणूस तपासून पास केला आणि जात विचारून झाडू दिला. आप्पांनी ती फक्त साफ केली, घाण त्यांनी केली नव्हती. लाज वाटून घ्यायची तर त्या कारकुनाने घ्यावी.

काळुराम म्हणाला, "ठीक आहे, पण शब्द राजूदादाने दिलेले असतील तरच. घरात दोन मतं असताना मी भिंतीला खिळा मारणार नाही." माणूस शहाणा झालाय.

तेव्हा आता सगळं तुझ्यावर आहे. बारा तारखेपर्यंत तुझ्या ओळी आल्या नाहीत तर आप्पांची जागा भिंतीवर रिकामी राहील. एकदा तुझ्यामाझ्यामुळे त्यांचा सत्कार राहिला. दुसऱ्यांदा राहू नये असं मला फार वाटतं. पण तू 'नको' म्हणालास तर मी तुझ्याशी भांडणार नाही. भांडून पाहिलं, जमत नाही.

ताई

ता. क. दुसरं पान रचनाने लिहिलं आहे. त्यात माझ्याबद्दल काय आहे ते मला दाखवलं नाही.


कोपरी
१६ ऑक्टोबर, सकाळ

राजू,

हे पत्र तुझ्या पिशवीत डब्याखाली ठेवते आहे. गाडी सुटेपर्यंत उघडू नकोस. तोंडाने मी हे तुला सांगू शकणार नाही. कालपासून तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा 'भाजी अजून घे' असंच बाहेर आलं.

अकरा तारखेपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही. बारा तारखेला मी काळुरामला निरोप द्यायला निघाले, की जागा रिकामी ठेव. दार उघडलं तर तू जिन्यात. केस पांढरे, हातात प्लास्टिकची फाइल. मी काय म्हणावं, एकतीस वर्षांनी? म्हणाले, "चप्पल बाहेर काढ, आत्ताच पुसलंय." आणि तू काढलीस.

फाइलमध्ये दाखला होता, पारदर्शक कव्हरात. आणि टाइप केलेल्या चार ओळी. तू म्हणालास, "ताई, पंधरा वेळा लिहिल्या. मोठं काही लिहिलं की खोटं वाटायला लागायचं."

परवा विहारात काळुरामने तुलाच वाचायला लावल्या. मी पुढच्या रांगेत बसले होते, रचना शेजारी माझा हात धरून. तू चष्मा लावलास आणि वाचलंस:

'देवराम भिवा भालेराव. टोपस म्हणजे सफाई कामगार, एच. एम. एस. एल्मवॉटर, १९४३ ते १९४५. लढाईत तोफेला दारूगोळा पुरवला. वर्तन फार चांगले.'

'टोपस'पाशी तुझा आवाज अडकला नाही. माझा अडकला असता. मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या तेव्हा मी बघितलं, महापालिकेच्या सफाईतून रिटायर झालेले आपल्या वस्तीतले चार म्हातारे उभे राहिले होते. आजवर कुठल्या कार्यक्रमात ते पुढे बसलेले मी पाहिले नव्हते. त्यांच्यातल्या एकाने फलकासमोर जाऊन बोटाने तो शब्द परत वाचला.

मी तुझी माफी मागितली नाही, हे माझ्या लक्षात आहे. इथे मागते. मी खोटं बोलले, तुला घालवलं आणि नंतर आळस म्हण, भीती म्हण, गप्प राहिले. यातलं काही आप्पांवर ढकलू नकोस. ते माझंच आहे.

तू काल म्हणालास, पुढच्या वेळी रचनाच्या आईला घेऊन येतो. मी 'बघू' म्हणाले. बघू म्हणजे ये.

आता आज सकाळचं, आणि संपवते. मला जाग आली ती झाडूच्या आवाजाने. क्षणभर वाटलं, आप्पा. मग बघितलं तर तू दारात उभा होतास, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, वारा कुठून येतोय ते बघत. वारा खाडीकडून होता. तू त्याच्याकडे पाठ केलीस आणि भिंतीपासून सुरुवात केलीस. मी खाटेच्या कडेला बसून राहिले. गेली एकोणतीस वर्षं या घरात मी एकटीच झाडते, कशीही, वारा न बघता.

केर माझ्यापाशी आला. तू मान वर न करता म्हणालास, "ताई, पाय वर."

मी उचलले.